क्रूझर, टूरर की ऑफ-रोड? इंदूरकरांनी बाईक कशी निवडायची, पायरी-पायरीने

इंदूरमधे राहणाऱ्या बाईकवाल्याला एक गोष्ट फुकटात मिळालेली आहे. माळव्याचं सपाट पठार, महूच्या पुढे विंध्याचा घाट, घाट उतरला की निमाड आणि नर्मदा, आणि मधेमधे धबधब्यांकडे जाणारे कच्चे रस्ते, हे सगळं एका सकाळीत होतं. म्हणूनच इथे बाईक घ्यायची म्हटली की गोंधळ पण जास्त होतो, कारण क्रूझर घ्या तरी कारण आहे, टूरर घ्या तरी आहे आणि ऑफ-रोड घ्या तरी आहेच. ओळखीतली मुलं-मुली विचारतात "दादा, कोणती घेऊ?" आणि विचारतानाच मोबाईलमधे एका बाईकचा व्हिडिओ पसंत पडून बसलेला असतो, तो शूट झालेला असतो लडाख नाहीतर स्पितीला, आणि घेतलेली बाईक रोज चालणार असते पलासिया ते विजयनगर.

माझं म्हणणं एवढंच आहे की बाईक रस्ता बघून घ्यायची, फोटो बघून नाही. आणि रस्ता ठरला की सीसी बघायच्या आधी दोन आकडे बघायचे, वजन आणि सीटची उंची. खाली ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने करा, मधली पायरी गाळू नका.

पायरी १: कागदावर रस्ते लिहून काढा

हे फार साधं वाटतं म्हणून कोणी करत नाही, पण अर्धा निर्णय इथेच होतो. तीन रकाने पाडा. पहिल्यात रोजचं, म्हणजे ऑफिस, कॉलेज, राजवाड्याच्या गल्ल्या, भाजी, क्लास. दुसऱ्यात रविवारचं, म्हणजे सकाळी निघून दुपारी घरी येता येईल ते: उज्जैन पंचावन्न किलोमीटर, ओंकारेश्वर ऐंशीच्या आसपास, जाम दरवाज्यावरून महेश्वर नव्वदेक, मांडू शंभरेक. तिसऱ्यात वर्षातून एक-दोनदा होणारं मोठं, बहुतेक मराठी घरांत ते पुणं-नाशिक-मुंबईकडचं लग्नकार्य किंवा गणपती असतं, नाहीतर हिमालय.

आता प्रत्येक रस्त्यापुढे लिहा की तो डांबरी आहे, सिमेंटचा आहे, घाट आहे की कच्चा. आणि मागे कोण बसणार तेही लिहा. हे शेवटचं लोक विसरतातच. आई साडी नेसून एका बाजूला पाय सोडून उज्जैनपर्यंत मागे बसणार असेल तर तिच्यासाठी सीटची रुंदी, पाय ठेवायची जागा, साडी गार्ड आणि सीटची उंची या गोष्टी इंजिनापेक्षा मोठ्या आहेत. ऑफ-रोड बाईकची मागची सीट उंच आणि अरुंद असते, वयस्कर माणसाला त्यावर चढणंच अवघड.

कागद भरला की दिसेल की बहुतेकांचं पहिल्या रकान्यातलं चालवणं सगळ्यात जास्त आहे. दुसरा रकाना बाईकचा प्रकार ठरवतो. तिसऱ्या रकान्यासाठी बाईक घेऊ नका, तो प्रवास कोणत्याही धड बाईकवर होतो, लोक शंभर-सव्वाशे सीसीवर पण लेहला जाऊन आलेले आहेत.

पायरी २: तिन्ही प्रकार मुळातून समजून घ्या

नावं जाहिरातीतली आहेत, फरक मात्र खरा आहे आणि तो चार जागी असतो: तुम्ही कसे बसता, चाकं केवढी आहेत, सस्पेन्शन किती खाली-वर जातं, आणि इंजिन जोर कुठल्या आरपीएमला (मिनिटाला किती फेरे) देतं. हे चार बघता आले की कुठलीही नवी बाईक आली तरी तुम्हीच सांगाल ती कशासाठी बनलीय.

क्रूझर

सीट खाली, हँडल वर आणि मागे, पाय पुढे, चाकांमधलं अंतर जास्त. आपल्याकडे २००५ मधे बजाज अॅव्हेंजर आली तेव्हापासून सामान्य घरातल्या माणसाला ही बसण्याची पद्धत परवडायला लागली, आणि २०२० च्या शेवटी रॉयल एनफिल्डची मीटिऑर ३५० आली तेव्हा क्रूझर परत चर्चेत आली. अॅव्हेंजर २२० ची सीट ७३७ मिलीमीटर उंच, मीटिऑरची ७६५. म्हणजे पाच फूट उंचीच्या माणसाचेही पाय बऱ्यापैकी जमिनीला टेकतात, सिग्नलला, ट्रॅफिकमधे, पावसात निसरड्यावर हा आधार खूप मोठा आहे. उंची कमी असलेल्या मुलींना पहिली मोठी बाईक म्हणून मी बिनधास्त क्रूझर सुचवतो.

इंजिनाचं बघा. मीटिऑर २७ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, ४००० आरपीएमला देते. बजाजची डॉमिनार ४०० देते ३५, पण ६५०० आरपीएमला. आकडा डॉमिनारचा मोठा आहे, पण मीटिऑर पाचव्या गिअरमधे साठच्या स्पीडला शांतपणे चालत राहते, सारखा गिअर पाडावा लागत नाही, आणि त्यामुळेच माणूस थकत नाही. उज्जैन रोडवर सकाळी सत्तर-ऐंशीने जायचंय, मधे कुठेतरी पोहे खायचे, घाई नाही, तर यासारखं सुख नाही.

आता दुसरी बाजू. पाय पुढे असले की बूड आणि कंबर सगळं वजन घेतात, खड्डा आला की पायांवर उभं राहून झटका पायांत घेता येत नाही, तो थेट मणक्यात जातो. तास-दीड तास छान वाटतं, चार तासांनी कंबर बोलायला लागते. छाती वाऱ्याला सरळ उघडी असते, नव्वदच्या पुढे वारा मागे ओढतो आणि हात ताणले जातात. सुपर मीटिऑर ६५० चं ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन ते बाईकचं पोट यांतलं अंतर, १३५ मिलीमीटर आणि वजन २४१ किलो आहे, मागे माणूस बसला की कॉलनीतल्या उंच स्पीड ब्रेकरवर पोट घासायची भीती राहते. आणि चाकांमधलं अंतर, अॅव्हेंजरचं १४९० मिलीमीटर, म्हणजे सराफ्याच्या गल्लीत यू-टर्न एका दमात होत नाही, मागे-पुढे करावंच लागतं.

कंबरेचा जुना त्रास असेल तर क्रूझर घेण्याआधी दोनदा विचार करा. दिसायला आरामशीर आणि कंबरेला आरामशीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

टूरर

याला ठराविक एक आकार नाही. परदेशात होंडा गोल्ड विंगसारखी १८३३ सीसीची सहा सिलिंडरची बाईक असते, आपल्याकडे टूरर म्हणजे जी बाईक दिवसभर चालवून दुसऱ्या दिवशी परत बसावंसं वाटेल ती. पाठ जवळजवळ सरळ, पाय ना फार पुढे ना फार मागे, समोर काच, टाकी मोठी, मागे सामान बांधायला जागा, आणि शंभरच्या स्पीडला इंजिनावर ताण नसला पाहिजे.

डॉमिनार ४०० याच कामाची आहे, ३७३ सीसी, ताकद ४० पीएस, वजन १९३ किलो. सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स २०२२ मधे आली, २४९ सीसी, वजन १६७, तीही दिसते अॅडव्हेंचरसारखी पण खरी ताकद तिची हायवेवर आणि खराब डांबरावर आहे, आणि मला ती आपल्या भागासाठी फार शहाणी बाईक वाटते.

टूररचा खरा हिशोब टाकीचा. टाकीचे लिटर गुणिले खरं मायलेज, आणि त्याच्या ऐंशी टक्के धरा. डॉमिनारची टाकी १३ लिटर, हायवेला सत्तावीस-अठ्ठावीस धरलं तर साडेतीनशे होतात, त्यातले दोनशे ऐंशी कामाचे. इंदूर ते धुळे मधे कुठे थांबावं लागेल हे असं घरीच कळतं. एबी रोडवर पंप भरपूर आहेत म्हणून तिथे अडत नाही, झाबुआ-अलिराजपूरकडच्या आडरस्त्यांना मात्र हा हिशोब करूनच निघा.

ऑफ-रोड आणि अॅडव्हेंचर

इथे जरा जास्त थांबतो, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच चुकीच्या जागी जातात.

शुद्ध ऑफ-रोड बाईक म्हणजे मोटोक्रॉसवाली, तिला हेडलाईट नसतो, नंबर प्लेट लागत नाही, रस्त्यावर आणता येत नाही. आपल्या कामाची ती ड्युअल-स्पोर्ट, म्हणजे हलकी आणि कच्च्यावर चालणारी पण रजिस्टर होणारी, जशी हिरोची एक्सपल्स. आणि अॅडव्हेंचर बाईक म्हणजे टूररला उंच पाय लावलेले, जशी रॉयल एनफिल्डची हिमालयन. या दुसऱ्या जातीला जगात नाव मिळालं ते १९८० च्या बीएमडब्ल्यू आर ८० जी/एस पासून, पुढच्याच वर्षी ती पॅरिस-डाकार रॅली जिंकली आणि मग सगळ्या कंपन्या त्या वाटेला लागल्या.

मोठं इंजिन म्हणजे चांगली ऑफ-रोड असं समजू नका. खुद्द डाकार रॅलीत २०११ पासून मोटरसायकलला ४५० सीसीची मर्यादा आहे, आणि ते लोक वाळवंटात आठ-आठशे किलोमीटर चालवतात. आपल्याला जानापावच्या मागच्या कच्च्या वाटेसाठी दोनशे सीसी पुष्कळ झालं.

चाकापासून सुरुवात करा. एक्सपल्सचं पुढचं चाक २१ इंची, मागचं १८. रस्त्याच्या बऱ्याच बाईकचं १७ असतं. दगड तेवढाच असला तरी मोठं चाक त्यावर कमी कोनात चढतं, लहान चाक त्याला जाऊन धडकतं, म्हणून हँडल झटका देतं. व्ही-स्ट्रॉमचं पुढचं १९ आहे, हा मधला मार्ग, डांबरावर वळणात २१ इंचीपेक्षा चटकन वळते. सस्पेन्शन किती प्रवास करतं तेही बघा, एक्सपल्स २०० फोर-व्ही मधे पुढे १९० मिलीमीटर, हिमालयन ४५० मधे पुढे-मागे २००. ग्राउंड क्लिअरन्स दोघींचं २२०-२३०.

मग येतं मडगार्ड, आणि हे माळव्यातल्या माणसाने बघितलंच पाहिजे. पावसाळ्यात चोरलच्या पुढे शेतातून जाणाऱ्या वाटेवर एका मित्राची क्रूझर आमच्याबरोबर होती, पाऊस थांबून तासभर झाला असेल, वाट वरून वाळल्यासारखी दिसत होती. आपली काळी माती टायरला चिकटली, चिकटली की फिरत वर गेली, आणि टायर आणि मडगार्डच्या मधल्या दोन बोटांच्या फटीत थापून बसली, चाक फिरायचंच बंद झालं. काडीने उकरली, मग किल्लीने उकरली, बाईक चार पावलं ढकलली की परत तेच, शेवटी पुढचं मडगार्ड खोलून हातात घेतलं आणि मगच बाहेर आलो. ऑफ-रोड बाईकचं पुढचं मडगार्ड चोचीसारखं टायरपासून वर का असतं याचं उत्तर हे आहे, चिखलाला बाहेर पडायला जागा लागते. हिमालयनला तर खाली छोटं मडगार्ड पण असतं आणि वर चोच पण, दाट काळ्या मातीत जाणार असाल तर ते खालचं काढता येतं का हे मेकॅनिकला आधीच विचारून ठेवा.

आता वजन. एक्सपल्स २०० फोर-व्ही साधारण १५८-१५९ किलो, हिमालयन ४५० १९६ किलो. फरक अडतीस किलोचा, कागदावर काही वाटत नाही. पण कच्च्या वाटेवर बाईक पडणार, पडणारच, तो खेळाचा भाग आहे, आणि उताराकडे तोंड करून पडलेली १९६ किलोची बाईक एकट्याला उचलता आली पाहिजे. येत नसेल तर एकटं जायचं नाही. उलट शंभरच्या स्पीडने सेंधव्याकडे जायचं असेल तर तेच वजन आणि ४० पीएस कामाला येतात, एक्सपल्स १९ पीएसमधे तिथे ओरडायला लागते. म्हणजे दुसऱ्या रकान्यात कच्चे रस्ते जास्त असतील तर एक्सपल्स, आणि हायवे जास्त पण शेवटचे पाच-दहा किलोमीटर वाईट, असं असेल तर हिमालयन किंवा केटीएम ३९० अॅडव्हेंचर. येझदी अॅडव्हेंचर पण याच रांगेत येते, ३३४ सीसी, आणि ती आपल्या शेजारच्या पीथमपूरला बनते ही मला कौतुकाची गोष्ट वाटते.

एबीएसबद्दल, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाक अडू न देणाऱ्या यंत्रणेबद्दल, एक गोष्ट. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या बाईकना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे आणि डांबरावर ते जीव वाचवतं. पण सुट्या खडीवर उतरताना एबीएस मागचं चाक अडू देत नाही, सारखं सोडत राहतं, त्यामुळे बाईक थांबायला लांब जाते. म्हणून खऱ्या ऑफ-रोड बाईकमधे मागचं एबीएस बंद करायची सोय असते, हिमालयन ४५० मधे आहे. घेताना ते बटण कुठे आहे आणि बाईक बंद करून चालू केली की एबीएस परत आपोआप सुरू होतं का हे दाखवायला सांगा.

पायरी ३: शोरूममधे फक्त फेरी मारू नका

टेस्ट राईड म्हणजे शोरूमपासून सिग्नलपर्यंत जाऊन येणं, यातून काहीच कळत नाही. मी सांगतो ते करा.

आधी बाईक बंद असताना दहा-पंधरा मिनिटं बसून राहा, सरळ, हात हँडलवर. मनगट, मान, कंबर, गुडघे, काय सांगतात ते ऐका. मग उतरा आणि बंद बाईक हाताने ढकलत वीस पावलं न्या, थोड्या चढावर मागे घ्या. साईड स्टँडवरून सरळ करा, परत लावा. जिथे हात थरथरतात तिथे ती बाईक तुमच्यासाठी जड आहे. सीट उंच असेल तर दोन्ही पाय पूर्ण टेकायलाच हवेत असं नाही, एक पाय पूर्ण आणि दुसऱ्याचा पंजा टेकला तरी चालतं, पण बाईक उतारावर असताना ते जमतं का बघा.

मग चालवा, आणि शक्यतो हेल्मेट तुमचंच घाला, जॅकेट पण, कारण वारा तुमच्या उंचीला कुठे लागतो ते त्यानेच कळेल. बायपासवर पाच-सात किलोमीटर ऐंशीने धरून ठेवा, आरशात मागची गाडी स्पष्ट दिसते की थरथरते, पाय ठेवायच्या जागी मुंग्या येतात का हे बघा. एखादा खराब पट्टा शोधा, हल्ली शोधायला फार लांब जावं लागत नाही, तिथे उभं राहून चालवून बघा. उभं राहिल्यावर हँडल इतकं खाली असेल की वाकावं लागतंय, तर ऑफ-रोडसाठी हँडल वर उचलणारा राईजर बसवावा लागेल, तो खर्च धरून ठेवा. मागे बसणाऱ्या माणसाला पण सोबत न्या, त्याचं किंवा तिचं मत लेखी असल्यासारखं मोजा.

पायरी ४: जुनी घेत असाल तर

ऑफ-रोड किंवा अॅडव्हेंचर बाईक जुनी घेताना किलोमीटर कमी आहेत यावर जाऊ नका, कमी किलोमीटरमधे पण माणसं बाईक आपटतात. खाली वाकून इंजिनाखालची बॅश प्लेट, म्हणजे दगडांपासून वाचवणारी पत्र्याची ढाल, बघा, तिच्यावर किती ओरखडे आणि पोचे आहेत ते कुठलाही विकणारा लपवत नाही कारण त्याच्या लक्षातच येत नाही. पुढच्या फोर्कच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या, नळीवरून बोट फिरवा, ऑईल लागलं तर सील गेलं. चाक हवेत उचलून फिरवा, रिम लचकतंय का, स्पोक एकेक करून पेन्सिलने वाजवा, सगळ्यांचा आवाज जवळपास सारखा यायला हवा, एखादा बद्द वाजला तर तो ढिला आहे. हँडल हळूच मधून दोन्हीकडे न्या, मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर स्टिअरिंगचं बेअरिंग गेलंय. क्रूझरमधे हे फारसं नसतं, तिथे सायलेन्सर बदललाय का आणि ओरिजिनल घरात आहे का तेवढं विचारा, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर चलान आणतो आणि शेजाऱ्यांची झोप घालवतो.

पायरी ५: टायर आणि हवा

जेवढं काम टायर करतो तेवढं कुठलीच अॅक्सेसरी करत नाही. ठोकळ्या-ठोकळ्यांचे टायर मातीत पकडतात पण डांबरावर गुणगुणतात, ओल्या वळणात कमी पकडतात आणि लवकर झिजतात. आठवड्यातले सहा दिवस शहरात चालवत असाल तर कंपनीने दिलेले, माती-डांबर दोन्हीवर चालणारे टायरच ठेवा. सिमेंटच्या ओल्या रस्त्यावर ठोकळ्यांचे टायर घेऊन कचकन ब्रेक मारू नका.

स्पोकचं चाक मार खातं, वाकतं पण तुटत नाही, अलॉय तडकू शकतं. मात्र बहुतेक स्पोकच्या चाकात ट्यूब असते, पंक्चर झालं की चाक खोला, टायर काढा, जंगलात हे एकट्याने करणं म्हणजे तासाचं काम. ट्यूबलेसला भोकात रबरी स्ट्रिप घातली की दहा मिनिटांत निघालात. हिमालयन ४५० ला आता ट्यूबलेस स्पोकचा पर्याय मिळतो, घेताय तर तोच घ्या. ट्यूबवाली बाईक असेल तर जास्तीची पुढची ट्यूब, दोन टायर लिव्हर आणि छोटा पंप सामानात हवाच, आणि घरी अंगणात एकदा स्वतः चाक खोलून ट्यूब बदलून बघा, तिंछाच्या जंगलात पहिल्यांदा शिकायची ती गोष्ट नाही.

कच्च्यावर उतरताना हवा कमी करा, रोजच्या प्रेशरवरून वीस पीएसआयच्या आसपास आणा. टायर पसरतो, दगडाला धरतो, बाईक उड्या मारत नाही. अठराच्या खाली गेलात तर दगडावर रिमला पोचा पडेल आणि ट्यूब चिमटून पंक्चर होईल. आणि डांबरावर परत आलात की हवा भरूनच स्पीड धरा, म्हणून पंप.

पायरी ६: सामान कसं बांधायचं

जड सामान खाली आणि शक्य तेवढं पुढे. टूल, ट्यूब, पाण्याची बाटली सॅडल बॅगमधे सीटच्या जवळ, कपडे मागे वर. उलटं केलं, म्हणजे मागच्या टॉप बॉक्समधे जड वस्तू भरल्या, की पुढचं चाक हलकं होतं आणि भेरू घाटासारख्या उतारावर ट्रकच्या मागे ब्रेक मारताना बाईक डोलते. क्रूझरच्या सॅडल बॅग सायलेन्सरला चिकटत नाहीत ना हे हात लावून बघा, कापड वितळतं. ऑफ-रोडला लोखंडी पेट्या लावू नका, पडताना पाय त्या पेटीखाली अडकतो, कापडी बॅगच बरी.

पाठीवर सॅक अडकवून लांब जायची सवय सोडा. खांदे दोन तासांत जातात.

पायरी ७: अंगावरचं आधी, बाईकवरचं नंतर

बाईकचं बजेट ठरवताना त्यातूनच हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्ह्ज, गुडघ्याचे गार्ड आणि घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट, एवढे पैसे बाजूला काढा, आणि उरलेल्यात बाईक बसवा. हेल्मेटवर आयएसआयचा शिक्का, आयएस ४१५१, हवाच, रस्त्याच्या कडेला ढिगात मिळणारी टोपी नको. मे महिन्यात निमाडात उतरलात की चाळिशीच्या पुढचं ऊन असतं, जाळीचं जॅकेट घ्या, त्यात वारा जातो, आणि जॅकेट नकोच असं मनात पण आणू नका. ऑफ-रोडला सगळ्यात आधी घोटा जातो, साधे स्पोर्ट्स शूज घालून दगडात जाणं बघवत नाही.

पायरी ८: बाईक आली, आता पहिले महिने

पहिल्या सर्व्हिसपर्यंत, ती साधारण पाचशे किलोमीटरला असते, एकाच स्पीडवर लांब पळवू नका, शहरात आणि उज्जैन रोडवर वर-खाली होऊ द्या. साखळीला दर पाचशे किलोमीटरला साफ करून लुब्रिकंट मारा, पावसात भिजली तर घरी आल्यावर त्याच दिवशी.

मग प्रकाराप्रमाणे शिका. क्रूझरवाल्यांनी जाम दरवाज्याच्या घाटात हळू जाऊन वळण शिकावं, कारण पाय ठेवायची जागा खाली असते आणि बाईक थोडी झुकली की जमिनीला घासते, घासल्याचा आवाज आला की दचकून ब्रेक मारायचा नाही, थोडी सरळ करायची. वळणाच्या आधी स्पीड कमी, वळणात हलकं थ्रॉटल. टूररवाल्यांनी थांबायचं शिकावं, ऐंशी-शंभर किलोमीटरला उतरणं, पाणी, दोन मिनिटं चालणं, मग निघणं. पुण्याला सहाशे किलोमीटरच्या आसपास आहे, एका दिवसात होतं, पण बिजासन घाट अंधार पडायच्या आत ओलांडला जाईल अशा हिशोबानेच इंदूर सोडा, रात्री तिथे ट्रकची रांग असते.

ऑफ-रोडवाल्यांनी पहिल्या दिवशी धबधबा गाठायला जाऊ नये. एखादं मोकळं मैदान शोधा, जिथे थोडी माती, थोडी खडी आहे. तिथे उभं राहून चालवा, गुडघे थोडे वाकलेले, टाकी मांड्यांनी धरलेली, हातांची पकड ढिली, नजर चाकासमोर नाही तर पंधरा-वीस फूट पुढे. पहिल्या गिअरमधे क्लच अर्धा धरून चालण्याच्या वेगाने आठचा आकडा काढा. मग खडीवर फक्त मागचा ब्रेक, मग फक्त पुढचा, एका बोटाने, हळू. पुढचं चाक कधी घसरतं ते हाताला कळायला लागलं की अर्ध शिक्षण झालं. बाईक मुद्दाम आडवी करा आणि उचला: हँडल एका बाजूला पूर्ण वळवा, पाठ सीटला लावा, एक हात हँडलला आणि एक मागच्या ग्रॅब रेलला, आणि पायांच्या जोरावर मागे-मागे चालत उभी करा, कंबर वाकवून नाही. उचलण्याआधी पहिला गिअर टाका, आणि बाईक उजवीकडे पडली असेल तर साईड स्टँडही बाहेर काढून ठेवा, नाहीतर ती उभी होऊन पलीकडे पडते.

पावसाळ्यात पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवस शेतातल्या वाटा सोडा, जंगलातल्या मुरमाच्या वाटा धरा, मुरूम पाणी पिऊन घेतो, काळी माती धरून बसते. ओढा ओलांडायचा असेल तर आधी बूट घालून पायी उतरा, पाणी गुडघ्याच्या खाली आहे का आणि खाली दगड निसरडा आहे की खडी आहे हे पायाने बघा, गुडघ्याच्या वर असेल तर मागे फिरा. पातालपाणीसारख्या जागी वरती पाऊस झाला की कोरडा दिसणारा प्रवाह काही मिनिटांत फुगतो, तिथे पाण्यात बाईक लावून फोटो काढत बसू नका. मोबाईलला रेंज जाते अशा वाटांवर दोन बाईक तरी असाव्यात, आणि घरी एकाला वाटेचं नाव आणि परतायची वेळ सांगून निघा.